शिल्पशाळेचा उंबरठा : वाचकांचे प्रश्न, शिल्पकाराची उत्तरे

मागील अंकात मातीकामावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची होती : शरीराची किंवा इंद्रियांची मर्यादा असलेल्या व्यक्तीला शिल्पकला कशी साधता येईल, आणि त्यासाठी सोय नेमकी काय करावी. कोणी स्वतःसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द वापरला आहे, कोणी ‘अपंग’; ज्याने जो शब्द निवडला तो मी तसाच ठेवला आहे. नावे मात्र पत्रलेखकांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्यापासून सहा वर्षे मी चाकाच्या खुर्चीत आहे. त्याआधी मी व्यक्तिशिल्पे करीत असे. हात पूर्ण चांगले आहेत. तरीही स्टँडसमोर बसलो की अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि पूर्वीसारखे प्रमाण साधत नाही. हात विसरले असतील का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपले हात काहीही विसरलेले नाहीत. बिघडले आहे ते आपल्या आणि शिल्पाच्या मधले अंतर, आणि ते दुरुस्त करता येते. आपल्याकडील मातीकामाचा स्टँड उभ्या माणसाच्या बेताने बनवलेला असतो : तीन पायांचा, वर फिरती फळी असलेला, आणि घडवायचा चेहरा डोळ्यांच्या पातळीवर येईल इतका उंच. खुर्चीत बसून त्याच स्टँडवर काम करू गेल्यास हात सतत खांद्यांच्या वर धरावे लागतात, स्टँडचे पाय चाकांना अडतात आणि कोपरे अंगापासून लांब ताणावी लागतात. अशा स्थितीत धडधाकट शिल्पकाराचेही खांदे भरून येतील.

सुताराला पुढील मापे लिहून द्यावीत. फळीखाली गुडघ्यांसाठी जमिनीपासून किमान ७० सेंटिमीटर मोकळी उंची असावी, फळीचा वरचा पृष्ठभाग ७५ ते ८० सेंटिमीटरवर यावा, दार ९० सेंटिमीटर रुंद असावे आणि खोलीत खुर्ची पूर्ण वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची जागा रिकामी राहावी. मात्र एकच उंची संपूर्ण कामाला पुरत नाही, कारण कपाळ करताना शिल्प खाली हवे असते आणि हनुवटीची खालची बाजू करताना वर. आमच्या कार्यशाळेत यासाठी सलूनमधील जुन्या खुर्चीचा हायड्रॉलिक पाया भंगारवाल्याकडून आणला, बैठक काढून तेथे जाड प्लायवुडची गोल फळी बसवली, आणि पायाने दाबायच्या दांड्याला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी नळी जोडून घेतली, त्यामुळे तो हाताने दाबता येतो. हा पाया वर-खाली होतो, गोल फिरतो आणि ओल्या मातीचे वजन सहज पेलतो. त्याची तळाची तबकडी चाकाच्या खुर्चीच्या पाय ठेवण्याच्या पट्ट्यांना अडते, म्हणून खुर्ची थोडी तिरकी लावावी लागते. एवढी एकच अडचण राहते.

प्रमाण का साधत नाही, याचे उत्तर मला एका विद्यार्थ्याकडे पाहताना सापडले. उभा शिल्पकार दर दोन-तीन मिनिटांनी चार पावले मागे जातो, डोळे किलकिले करून संपूर्ण आकार पाहतो आणि पुन्हा पुढे येतो. ही ये-जा इतकी सवयीची असते की ती कामाचाच भाग आहे हे कोणी शिकवीत नाही. खुर्चीत बसलेला माणूस हात मातीने भरलेले असताना चाके मागे ढकलत नाही, त्यामुळे तो तासन्तास हातभर अंतरावरूनच पाहत राहतो. जवळून पाहिलेले नाक मोठे होत जाते आणि कान लहान राहतात. आपल्या समोरच्या भिंतीवर, शिल्पाच्या मागे, एक मोठा आरसा लावावा, म्हणजे शिल्पाची दुसरी बाजू अधिक अंतरावरून दिसेल. त्याशिवाय शिल्प चाकांच्या पाटावर ठेवून अधूनमधून समोर ढकलता आले तर फारच उत्तम.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलेच तापते, आणि वितळलेल्या मेणाबद्दल तर सांगायलाच नको. पायांना संवेदना नसतील तर मांडीवर पडलेल्या प्लास्टरचा चटका कळत नाही आणि जखम संध्याकाळी दिसते. साचा घेताना मांडीवर जाड कातडी किंवा रबरी एप्रन असलाच पाहिजे. कामात गढून गेल्यावर बैठक बदलण्याचेही भान राहत नाही. दर वीस मिनिटांनी वाजणारा गजर लावून शरीराचा भार हलवावा.

प्रश्न : मी अंध मुलांच्या शाळेत हस्तकला शिकवतो. मुले मातीची फळे, भांडी छान करतात, पण माणसाची आकृती सांगितली की गोंधळतात. जन्मतः न दिसणाऱ्या मुलांना मनुष्याकृती शिकवावी का, आणि कशी? — एक शिक्षक, नाशिक

उत्तर : जरूर शिकवावी, आणि डोळसांना शिकवतो त्या क्रमाने शिकवू नये. डोळस विद्यार्थी आधी बाह्यरेषा पाहतो, म्हणून आपण ‘समोरून कसे दिसते’ येथून सुरुवात करतो. हाताला समोर-मागे नसते. हात वस्तू वेढून घेतो. माझ्या अनुभवात अंध विद्यार्थी दोन्ही तळहातांनी डोक्याचा गोल एकाच वेळी दाबत नेतो तेव्हा डावी-उजवी बाजू आपोआप सारखी येते, आणि ज्या समतोलासाठी डोळस मुले आठवडा घालवतात तो त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

मापासाठी आपल्याच परंपरेत सुरेख साधन आहे. मूर्तिशास्त्रात उंची ताल आणि अंगुल यांत मोजतात : बारा अंगुलांचा एक ताल, एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, आणि नवताल मूर्ती १०८ अंगुलांची. सुतळीवर सारख्या अंतराने नऊ गाठी मारून दिल्या की मुलगा पहिल्या गाठीपर्यंत चेहरा, मग छाती, मग बेंबी असे बोटांनी मोजत खाली उतरतो. ही पद्धत डोळ्यांसाठी नव्हे तर दोरी आणि बोटे यांच्यासाठीच घडलेली आहे, त्यामुळे ती अंध विद्यार्थ्याच्या हाती सोपवताना तिच्यात काही बदल करावा लागत नाही. बारकाव्यांसाठी त्याचा स्वतःचा चेहरा जवळ असतोच. कानाचा वरचा टोकाचा भाग भुवईच्या रेषेत आणि पाळी नाकाच्या बुडाशी येते, हे त्याने एका हाताने स्वतःच्या चेहऱ्यावर आणि दुसऱ्या हाताने मातीवर ताडून पाहावे.

हात धरून शिकवताना आपला हात मुलाच्या हातावर ठेवू नये, त्याच्या हाताखाली ठेवावा. वर ठेवलेला हात ओढून नेतो, खाली ठेवलेला हात दाखवतो, आणि मुलाला वाटेल तेव्हा आपला हात काढून घेता येतो. स्पर्शापूर्वी विचारावे हे वेगळे सांगायला नको. फिरत्या पाटाच्या कडेला पुढच्या बाजूला कानशीने एक खाच पाडून ठेवावी, म्हणजे पाट कितीही फिरला तरी चेहऱ्याची दिशा चुकत नाही. कोरण्या एका खणाच्या तबकात ठरलेल्या क्रमाने ठेवाव्यात आणि त्या इतर कोणीही हलवू नयेत.

खरी उणीव आहे ती वेगळीच. ज्याला शिल्पकार व्हायचे आहे त्याने शिल्पे पाहिली पाहिजेत, आणि आपल्या संग्रहालयांत ‘हात लावू नये’ ही पाटी पहिली भेटते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू केले, तेथे संग्रहातील वस्तूंच्या प्रतिकृती हाताळता येतात. इटलीतील अँकोना शहरात १९९३ पासून म्युझिओ ओमेरो हे स्पर्शाचे संपूर्ण संग्रहालयच उभे आहे, आणि ते एका अंध दांपत्याच्या प्रयत्नांतून झाले. व्हिएतनामच्या युद्धात दृष्टी आणि उजव्या हाताची बरीचशी शक्ती गमावलेले अमेरिकेतील आदिवासी शिल्पकार मायकल नारांहो यांना फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याचा चेहरा मचाणावर चढून हातांनी पाहू दिला गेला. आपल्या जुन्या कलाशाळांत अभिजात शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रती असतात. आपल्या मुलांना तेथे एक दिवस न्यावे आणि रीतसर परवानगी मागावी. घड्याळे व अंगठ्या काढून, हात धुऊन केलेल्या स्पर्शाने प्लास्टरचे काही बिघडत नाही.

प्रश्न : मला पंधरा वर्षांपासून संधिवात आहे. बोटे वाकडी झाली आहेत. लहान आकृत्या मी मेणात करते. मोठे काम माझा मदतनीस माझ्या सांगण्यावरून करतो. अलीकडे एका प्रदर्शनाच्या निवड समितीने ‘हे काम तुमच्या हातचे नाही’ असे म्हणून ते नाकारले. ते चूक की मी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते चूक, असे मी निःसंकोच म्हणते, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडते, कारण हा प्रश्न आपल्या एकटीचा नाही.

शिल्पकला ही एकट्याच्या हातांची कला कधीच नव्हती. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ साली उभारलेला अश्वारूढ पुतळा आपण विनायक पांडुरंग करमरकरांचा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण तो धातूत ओतायला मुंबईच्या गोदीतील भट्टी आणि कामगारांचे मोठे पथक लागले. संगमरवरी पुतळ्यात मूळ मातीचा नमुना शिल्पकाराचा असतो आणि त्यावरील बिंदू मोजून तो दगडात उतरवणारा कारागीर वेगळा असतो. पेणच्या कारखान्यात साचा काढणारा, जोड घासणारा आणि डोळे रेखणारा असे वेगवेगळे हात एकाच गणपतीवर फिरतात. या कोणत्याही ठिकाणी ‘हे तुमच्या हातचे नाही’ असे कोणी म्हणत नाही. मग मदतनिसाचे हात मोजण्याची वेळ केवळ संधिवात असलेल्या शिल्पकाराच्या बाबतीतच का यावी?

ब्राझीलमधील आंतोनियो फ्रांसिस्को लिस्बोआ हे अठराव्या शतकातील शिल्पकार ‘आलेजादिन्यो’, म्हणजे ‘छोटा पांगळा’, या नावानेच ओळखले जातात. त्यांच्या हातापायांची बोटे एका दुर्धर रोगाने झडली, आणि सहायक छिन्नी-हातोडा त्यांच्या हातांना बांधून देत असत असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. काँगोन्यास गावातील चर्चसमोरचे बायबलमधील बारा संदेष्ट्यांचे पुतळे त्यांनी १८०० ते १८०५ या काळात, म्हणजे आजार पुष्कळ वाढल्यावर, सहायकांसह घडवले. त्यासाठी त्यांनी निवडलेला दगड संगजिऱ्याच्या जातीचा, नखानेही ओरखडा उठेल इतका मऊ आहे. हा दगड त्या प्रांतात मुबलक होता हे खरे, पण दुखणाऱ्या हातांच्या शिल्पकाराला माध्यमाची निवड किती आधार देते हे त्यातून दिसते.

आपल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचे उदाहरण मात्र रेन्वार यांचे आहे. उतारवयात संधिवाताने बोटे वळलेल्या या चित्रकाराने १९१३ पासून काही वर्षे रिचर्ड ग्विनो या तरुण शिल्पकाराच्या हातून शिल्पे करून घेतली. रेन्वार जवळ बसून पाहत, सांगत, बदल करवीत. ती शिल्पे दीर्घकाळ एकट्या रेन्वार यांच्या नावावर होती. पुढे ग्विनो यांनी दाद मागितली आणि १९७३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे सहकर्तृत्व कायम केले. हा निकाल मला दोन्ही बाजूंनी मोलाचा वाटतो. रेन्वार यांचे कर्तृत्व त्याने नाकारले नाही, आणि स्वतःच्या समजेने निर्णय घेणाऱ्या ग्विनो यांना नुसते हातही मानले नाही.

म्हणून आपण स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मान किती वळवायची, ओठ कोठे दबवायचा, काम कोठे थांबवायचे, हे कोण ठरवते? ते आपण ठरवीत असाल, मेणातील नमुना आपला असेल आणि मोठे करताना प्रत्येक बैठकीत आपण पाहून बदल सांगत असाल, तर शिल्प आपले आहे. मदतनिसाने त्यात स्वतःची भर घातली असेल तर त्याचे नाव फलकावर लिहावे. त्याने आपले नाव लहान होत नाही. समितीला आपण लेखी उत्तर पाठवावे, सोबत मेणाचा नमुना आणि कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे जोडावीत, आणि ओतकाम केलेल्या इतर स्पर्धकांना ओतारीचे नाव विचारले होते का, हेही नम्रपणे विचारावे.

हातांसाठी दोन गोष्टी. मेण कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून मऊ करून घ्यावे, कारण थंड मेण दाबताना सांध्यांवर सर्वाधिक ताण येतो. कोरणीची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून अंगठ्याएवढी जाड करावी. बारीक मूठ धरायला बोटे मिटावी लागतात, जाड मुठीला नुसता विळखा पुरतो.

प्रश्न : माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, वय २२. त्याला मूर्ती शिकवायला पाठवले, पण तो गणपती करीत नाही. माती तुकड्यातुकड्यांनी तोडतो आणि त्याभोवती दोरा गुंडाळत बसतो. शिक्षक म्हणतात, त्याला गती नाही. — एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, त्याला दोरा भरपूर आणून द्या.

अमेरिकेतील शिल्पकार जुडिथ स्कॉट यांना डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हते आणि त्या बोलत नसत. बालपणापासून सुमारे ३५ वर्षे त्या संस्थांमध्ये बंदिस्त राहिल्या; नंतर जुळ्या बहिणीने त्यांना घरी आणले आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात नेऊ लागली. सुरुवातीचा बराच काळ रंग-कागदांत त्यांचे मन रमले नाही. मग धाग्यांच्या एका वर्गात त्यांनी काटक्या आणि हाताला लागतील त्या वस्तू लोकर-सुतात गुंडाळायला सुरुवात केली, आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेच करीत राहिल्या. कोषासारख्या दिसणाऱ्या, कधी माणसाएवढ्या मोठ्या होणाऱ्या त्या गुंडाळ्या आज जगातील मोठ्या संग्रहालयांत शिल्पे म्हणून मांडलेल्या आहेत. त्या केंद्रातील कलावंतांनी जुडिथ यांना काय करायचे हे सांगितले नाही, आणि काम मध्येच थांबवलेही नाही. एक काम पूर्ण झाले की त्या स्वतःच ते बाजूला सारीत.

आपला मुलगा उद्या नामवंत होईल असे आश्वासन मी देणार नाही, आणि ते द्यायची गरजही नाही. तो तोडतो, जोडतो, बांधतो, आणि तेच पुन्हा करतो. यात आकार आणि पकड यांचा विचार आहे. त्याला रोज त्याच वेळी, त्याच जागी बसू द्यावे, कामाचे तुकडे त्याला न विचारता आवरू नयेत, आणि प्रत्येक कामामागे तारीख लिहून ठेवावी.

प्रश्न : वडिलांचा कुष्ठरोग पूर्ण बरा झाला आहे, पण बोटांना संवेदना नाही. त्यांना शाडूच्या मूर्ती करायच्या आहेत. धोका आहे का? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : शाडूत धोका थोडा आहे, आणि तो टाळता येतो. तारेचा सांगाडा लागेल अशा मूर्ती त्यांनी करू नयेत, किंवा तारेची सर्व टोके वाकवून कापडी पट्टीने बांधून घ्यावीत. माती आधी चाळून खडे काढावेत. शाडू त्वचेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे भेगा पडतात. काम संपल्यावर हात पाण्यात भिजवून, न पुसता तेल लावावे आणि घरातल्या कोणीतरी उजेडात दोन्ही हात नीट पाहावेत. कोरणी किती जोराने धरली आहे हे त्यांना कळत नसल्याने जाड, मऊ मूठ हवी. गरम मेण मात्र त्यांच्यापासून दूरच ठेवावे.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे. मला शिल्पकलेची पदवी घ्यायची आहे. ओळखीचे लोक म्हणतात, वर्गात काही कळणार नाही, चित्रकलाच बरी. कायद्याने काही आधार आहे का? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : चित्रकार-शिल्पकार सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती वयाच्या आठव्या वर्षी गेली. त्यांनी लाहोरला आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले, चित्रे काढली, भित्तिशिल्पे केली, जळक्या लाकडात शिल्पे केली, आणि दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाची इमारतही त्यांच्या संकल्पनेतून उभी राहिली. आपल्या परिचितांना एवढे सांगावे.

कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा व साहाय्य देणे आणि कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सहभागी होता येईल अशी फेररचना करणे, हे शासनाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. कलम २९ अजून बहुतांशी कागदावरच आहे असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी शिबिर घेतले तेव्हा शिल्पविभाग दुसऱ्या मजल्यावर होता, उद्वाहक (लिफ्ट) नव्हता, आणि एका मुलीला खुर्चीसकट उचलून वर न्यावे लागले; तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. ती का आली नाही हे विचारण्याचे मी टाळले, याची खंत मला आजही आहे.

म्हणून प्रवेश मिळाल्यावर वर्ग सुरू होण्याची वाट पाहू नका. विभागप्रमुखांना आधीच अर्ज द्या आणि त्यात ‘आवश्यक ते सहकार्य मिळावे’ असे मोघम वाक्य लिहू नका. नेमके लिहा. प्रात्यक्षिकाच्या वेळी शिक्षकांनी आधी सांगावे, मग हातांनी करून दाखवावे, कारण आपले डोळे एकाच वेळी त्यांच्या हातांवर आणि खुणांच्या भाषेच्या दुभाष्यावर राहू शकत नाहीत. बोलताना त्यांचे तोंड आपल्याकडे असावे, मातीकडे नव्हे. दुभाषी मिळणार असल्यास सांगाडा, साचा, जोड, ओतकाम अशा शब्दांच्या खुणा पहिल्याच आठवड्यात वर्गाने मिळून ठरवून घ्याव्यात. ग्राइंडर किंवा कटर चालू करण्यापूर्वी भिंतीवरील दिवा लावण्याची पद्धत असावी, आणि आपण यंत्रावर काम करीत असताना कोणीही मागून येऊन खांद्याला हात लावू नये. समोर येऊन, दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवा, आणि पहिल्या सत्रानंतर यातील काय झाले आणि काय राहिले ते मला अवश्य कळवा.